अणू म्हणजे नक्की कोण? दूरचा वर्ग, समोरचा वर्ग आणि रसायनशास्त्र

समोर बरेच शिक्षक दिसताहेत, काही पालक आहेत, आणि मागच्या रांगेत आमचेच काही विद्यार्थी येऊन बसलेत. त्यांच्यासमोर त्यांनाच कसं शिकवावं यावर बोलायचं म्हणजे थोडं अवघडच. पण बरंच झालं. आम्ही काही वाढवून सांगितलं तर ते लगेच पकडतील.

आज आम्ही जे मांडणार आहोत ते आमच्या विभागातल्या सगळ्यांचं मिळून आहे, म्हणून ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणतो. विषय साधा आहे: चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र कसं शिकवायचं? वर्गात समोर बसवून कसं, आणि मूल समोर नसेल तेव्हा कसं?

कुणी म्हणेल, कोविड संपला, आता ऑनलाइनची चर्चा कशाला? त्याचं उत्तर आपल्या नकाशातच आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झालं ते याच दोन जिल्ह्यांसाठी. यातला गडचिरोली जिल्हा बहुतांश जंगलाचा. सिरोंच्याहून गडचिरोलीला यायचं तर सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. धानाच्या रोवणीला मुलं घरी जातात, तेंदूच्या हंगामात जातात, घरी कुणी आजारी पडलं तरी जातात. कोविड गेला, पण पर्लकोटा कुठे गेली? मूल वर्गात नसणं हा आपल्याकडे अपवाद नाही, दर वर्षीची गोष्ट आहे. तेव्हा दूरस्थ शिकवणं आपल्याला नीट यायलाच हवं.

ब्युरेट कोणती?

सुरुवात आमच्या फजितीने करतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आम्ही सगळे रातोरात ‘ऑनलाइन शिक्षक’ झालो. फळ्यावर जे करत होतो तेच मोबाइलसमोर करायला लागलो. पन्नास मिनिटांचं व्याख्यान, समोर काळ्या चौकटी. मध्येच विचारायचं, “समजलं का?” खाली ओळीने उत्तरं यायची, “हो सर”, “हो मॅडम”. आम्हाला बरं वाटायचं. प्रात्यक्षिकांसाठी मुलांना आभासी प्रयोगशाळेची लिंक दिली. पडद्यावर ब्युरेट आहे, चंचुपात्र आहे, बटण दाबलं की थेंब पडतो, रंग बदलला की वाचन लिहायचं. गुण उत्तम आले. आधी कधी आले नव्हते इतके.

मग प्रयोगशाळा उघडली. एटापल्लीकडची एक मुलगी होती. ऑनलाइन प्रात्यक्षिकात तिला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण. तिला म्हटलं, ब्युरेट भरून घे. ती बराच वेळ टेबलापाशी उभी राहिली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “सर, यातली ब्युरेट कोणती?” पिपेट आणि ब्युरेट शेजारी शेजारी ठेवलेले होते. पडद्यावर दोन्हींची नावं लिहिलेली असायची. इथे काचेवर नाव नव्हतं.

तिची यात काहीच चूक नव्हती. ती घरापासून टेकाडावर चालत जायची, कारण नेटवर्क तिथेच मिळायचं. तिथे बसून तिने सांगितलेलं सगळं केलं होतं. आम्ही मोजलं ते बटण दाबण्याचं कौशल्य आणि त्याला नाव दिलं रसायनशास्त्र. त्या दिवशी आम्ही विभागात बसलो आणि स्वतःला विचारलं: आपण नेमकं काय शिकवतो आहोत? त्यातलं काय फोनवरून पोहोचतं आणि काय पोहोचूच शकत नाही?

रसायनशास्त्र अवघड का वाटतं?

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात ॲलेक्स जॉनस्टन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९९१ साली त्यांनी एक सोपी गोष्ट मांडली. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं. एक, जे डोळ्यांना दिसतं. दोन, जे दिसत नाही, म्हणजे अणू, रेणू, आयन. तीन, जे आपण कागदावर लिहितो, म्हणजे सूत्रं आणि समीकरणं. याचा ते त्रिकोण काढायचे.

आपण चुन्याचं उदाहरण घेऊ. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो फसफसतो आणि भांडं तापतं. ही पहिली पातळी. आजीलाही माहीत असते. तो चुना भिंतीला लावला की काही दिवसांनी घट्ट, पांढरा होतो. हेही सगळ्यांनी पाहिलेलं. आता आत काय झालं? कॅल्शियम ऑक्साइडने पाणी घेतलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड झालं, उष्णता बाहेर पडली. मग भिंतीवर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला आणि कॅल्शियम कार्बोनेट झालं. म्हणजे खाणीतून निघालेला चुनखडक भट्टीतून जाऊन, फिरून भिंतीवर पुन्हा चुनखडकच झाला. ही दुसरी पातळी. आणि फळ्यावरची दोन समीकरणं ही तिसरी.

आम्ही शिक्षक या तिन्ही कोपऱ्यांत सहज उड्या मारतो. एका वाक्यात ‘पांढरा साका’ म्हणतो, पुढच्याच वाक्यात ‘आयन’ म्हणतो आणि तोवर हात फळ्यावर समीकरण लिहीत असतो. शिकणाऱ्याला तिन्ही एकदम पेलवत नाहीत. माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी मावतात. मग मूल काय करतं? तिन्हींपैकी परीक्षेत जे विचारतात तेवढं धरतं, म्हणजे समीकरण. पाठ करतं. चुना भिंतीवर राहतो, समीकरण वहीत राहतं, आणि दोघांची भेट होत नाही.

म्हणून आमचा पहिला नियम: एका वेळी एक कोपरा. आधी दाखवायचं. मग आत काय होत असेल ते बोलायचं, चित्र काढायचं. समीकरण सगळ्यात शेवटी. वर्ग समोर असो की दूर, क्रम तोच.

अणू, रेणू आणि यूट्यूब

आता ज्यावरून आजच्या भाषणाला नाव दिलं ती गोष्ट.

प्रथम वर्षाच्या एका चाचणीत आम्ही प्रश्न टाकला होता: पाण्याच्या एका रेणूत किती अणू असतात? हा शाळेतला प्रश्न. तरी चांगल्या मुलांची उत्तरं विचित्र आली. एकाने लिहिलं, ‘पाणी हाच अणू आहे, त्यात तीन परमाणू असतात.’ आम्ही लाल रेघ मारली. मग शंका आली म्हणून त्याला बोलावलं. विचारलं, हे कुठून आणलंस? म्हणाला, “सर, व्हिडिओत असंच सांगतात.” व्हिडिओ पाहिला. हिंदीतला होता आणि अगदी बरोबर होता!

मंडळी, हे नीट लक्षात घ्या. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘परमाणु’ म्हणजे ज्याला आपण मराठीत अणू म्हणतो तो. आणि हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. शब्द तोच, अर्थ वेगळा. तसंच ‘क्षार’. आपल्या दहावीच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदीत मात्र क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी, आणि आपल्या क्षाराला तिथे ‘लवण’ म्हणतात. आपलं मूलद्रव्य तिथे ‘तत्व’, आपलं संयुग तिथे ‘यौगिक’, आपलं क्षपण तिथे ‘अपचयन’.

आता आपल्या मुलाची वाट बघा. घरी कुणाची माडिया, कुणाची गोंडी. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे झाडीबोली. दहावीपर्यंत शाळा मराठीतून. अकरावीपासून पुस्तक इंग्रजी. आणि घरी बसून शिकायचं तर फोनवरचा व्हिडिओ हिंदी. या मुलाला आपण म्हणतो, ‘तुझा बेस कच्चा आहे.’ कच्चं काही नसतं. त्याच्याकडे एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात आणि कुणी सांगितलेलं नसतं की हे दोन आहेत.

दूरस्थ शिक्षणात हा घोळ वाढतो. वर्गात मूल कपाळाला आठी घालतं, ती आपल्याला दिसते. फोनवर आठी दिसत नाही.

उपाय फार मोठा नाही. आम्ही प्रत्येक घटकाच्या आधी एक पानभर शब्दपत्रक देतो. चार रकाने: इंग्रजी शब्द, शाळेतला मराठी शब्द, हिंदी व्हिडिओत येणारा शब्द, आणि चौथा रकाना रिकामा. तिथे मुलाने आपल्या घरच्या बोलीत ती गोष्ट समजावून लिहायची. शब्द नसेल तर वाक्य लिहायचं. हा चौथा रकाना वाचून आम्हाला जेवढं कळलं तेवढं वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासून कळलं नव्हतं. संतृप्त द्रावणासाठी एका मुलीने लिहिलं होतं, ‘साखर खाली बसते, मग कितीही ढवळा.’ यापेक्षा चांगली सुरुवात कोणती?

समोरच्या वर्गात: कमी सांगा, जास्त विचारा

आता समोरच्या वर्गाबद्दल. मूल प्रवास करून आलंय, वसतिगृहात राहतंय, तर त्याच्या त्या तासात आपण काय करावं? फक्त सांगत राहिलो तर ते त्याला फोनवरही मिळालं असतं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९९७ साली त्यांनी सहाध्यायी-शिक्षणावर पुस्तक लिहिलं. पद्धत अशी: थोडं शिकवा, मग पर्यायांचा एक प्रश्न द्या. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा. मग पुन्हा मत द्यायचं. त्यानंतरच शिक्षकाने बोलायचं.

आमचा आवडता प्रश्न सांगतो. भांड्यात पाणी खळखळा उकळतंय. मोठमोठे बुडबुडे येताहेत. त्या बुडबुड्यांत काय आहे? एक, हवा. दोन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तीन, पाण्याची वाफ. चार, काहीच नाही. मुलांनी बोटं वर करून उत्तर द्यायचं, छातीशी धरून, म्हणजे शेजाऱ्याला दिसणार नाही.

करून बघा. पदवीच्या वर्गातही ‘हवा’ आणि ‘हायड्रोजन-ऑक्सिजन’ला भरपूर मतं पडतात. दोन नंबरवाल्याला विचारलं की तो म्हणतो, पाणी एच-टू-ओ आहे, तापवल्यावर तुटणारच. मग शेजारची मुलगी म्हणते, “तसं असतं तर चूल पेटवल्यावर स्वयंपाकघर उडालं नसतं का?” असा वाद सुरू झाला की आम्ही गप्प राहतो. पाच मिनिटांत वर्ग स्वतःच तिथे पोहोचतो: उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणू स्वतः तुटत नाही. बुडबुड्यात पाण्याची वाफच असते. आणि बघा, अणू-रेणूचा घोळ इथे आपोआप उलगडतो.

हे फक्त आमचं मत नाही. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्याविषयीचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. विद्यार्थ्यांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के. आपल्याकडे नापास झालेलं मूल पुष्कळदा परत येत नाही. म्हणून हा फरक आम्हाला आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

एक सावधगिरी. ‘समजलं का?’ हा प्रश्न आम्ही सोडून दिला आहे. त्याला ‘हो सर’ याशिवाय उत्तर नाही. त्याऐवजी विचारतो, “आता पुढे काय होईल?” आधी अंदाज लिहायला लावायचा, मग प्रयोग दाखवायचा, मग अंदाज का चुकला ते बोलायचं. अंदाज चुकला की मूल पुढे सरकून बसतं. मागच्या बाकावरून आवाज येतो, “सर, हे असं काऊन होते?” तो ‘काऊन’ आला की समजायचं, तास लागला.

दूरच्या वर्गात: लहान करा, हलकं करा

दूरस्थ शिकवताना आम्ही आता थेट व्याख्यान जवळजवळ घेत नाही. त्याला तीन कारणं. नेटवर्क तुटतं, डेटा संपतो, आणि घरात फोन एकच असतो, तोही वडिलांबरोबर शेतावर जातो. म्हणून ज्या वेळी फोन हातात येईल त्या वेळी उघडता येईल असंच पाठवायचं.

पाच-सात मिनिटांची ध्वनिफीत. तिच्यासोबत कागदाचा एक फोटो. शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर एका अंकात देता येईल. उत्तर साध्या एसएमएसने आलं तरी चालतं. त्या अंकांवरून आम्हाला कळतं की वर्ग कुठे अडलाय. पुराच्या आधी, मुलं घरी निघतात तेव्हा, छापील पानं आणि मेमरी कार्डात भरलेले व्हिडिओ सोबत देतो. नेटवर्कवर अवलंबून राहिलो नाही की निम्मं काम होतं.

आठवड्यातून एकदा पाच-सहा जणांचा साध्या फोनवरचा गटसंवाद. चित्र नाही, फक्त आवाज. आधी आम्हाला वाटलं, आवाजावर रसायनशास्त्र कसं होणार? पण एक फायदा झाला. दिसत नाही म्हटल्यावर मुलांना वर्णन करावं लागतं. आम्ही सांगायचो, रात्री वाटाणे भिजत घाला, खराट्याच्या काड्या घ्या. चार काड्या एका वाटाण्यात अशा खोचा की त्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहतील. मग फोनवर विचारायचं, चारही काड्या जमिनीवर सपाट आहेत का? “नाही सर, तीन खाली टेकल्या, एक वर उभी आहे.” झालं! मिथेनचा आकार एटापल्लीत तयार झाला. पुस्तकातल्या सपाट चित्राने जे वर्षभर होत नाही ते भिजलेल्या वाटाण्याने झालं.

घरच्या प्रयोगांत हळद सगळ्यात भरवशाची. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. साबणाचं पाणी लावा, लाल होतो. लिंबू पिळा, परत पिवळा. हळद आणि चुन्यापासून पूर्वी कुंकू करायचे, ते हेच रसायन. मुलीच्या आईलाही त्यात बोलायला जागा मिळते आणि कॉलेज घराला परकं राहत नाही.

एक प्रयोग मात्र आमच्यावर उलटला. घरच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत आणि पावसाचं दुसऱ्या बाटलीत घ्या, साबण घालून हलवा आणि फेस मोजा, असं सांगितलं. जड पाण्याला फेस कमी यायला हवा. बऱ्याच जणांनी कळवलं, दोन्हीकडे सारखाच फेस! आम्ही बुचकळ्यात पडलो. मग एकाने सहज सांगितलं, “घरात साबण नव्हता सर, कपड्याची पावडर घातली.” कपड्याची पावडर म्हणजे डिटर्जंट. साबणाचा कॅल्शियमशी साका होतो, डिटर्जंटचा तसा होत नाही, म्हणून तो जड पाण्यातही फेसाळतो. फसलेल्या प्रयोगातून मुलं साबण आणि डिटर्जंट यांतला फरक शिकली. पुढच्या वर्षी आम्ही दोन्ही घालायलाच सांगितलं.

घरी काय करायचं नाही हेही लेखी द्यावं लागतं. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. चुना डोळ्यांपासून दूर. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. प्रयोग एकट्याने करायचा नाही. आम्ही समोर नसतो, म्हणून ही तीन वाक्यं प्रत्येक पानाच्या डोक्यावर असतात.

प्रयोगशाळा: हाताला जे कळतं

ब्युरेटची गोष्ट आठवते ना? तेव्हापासून आम्ही प्रयोगशाळेची विभागणी केली. उद्देश, समीकरण, आकडेमोड, उपकरणांची ओळख हे आधी फोनवर. आभासी प्रयोगशाळाही तेव्हाच, सराव म्हणून, गुणांसाठी नाही. प्रयोगशाळेत आल्यावर मात्र पहिल्या मिनिटापासून हात कामाला. तोटी डाव्या हाताने फिरवणं, अर्धा थेंब काचेच्या कडेला टेकवणं, रंग ‘बदलतोय’ आणि ‘बदलला’ यांतला फरक, हे पडद्यावर शिकता येत नाही.

आणि पाणी मुलांनी घरून आणायचं. आपापल्या विहिरीचं, हातपंपाचं. त्याची कठीणता मोजायची. ५० मिलिलिटर पाणी, थोडं बफर, एरिओक्रोम ब्लॅक-टी दर्शक. पाणी दारूच्या रंगासारखं लाल होतं. दारूची उपमा दिली की आमच्या वर्गात हशा पिकतो, कारण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे! मग ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडायचं, निळं होईपर्यंत. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. समजा १८ मिलिलिटर लागलं, तर ५० मिलिलिटरमध्ये १८ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ३६०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बाटलीतल्या तयार नमुन्याचं उत्तर चुकलं तर मुलं शेजाऱ्याचं उतरवतात. स्वतःच्या विहिरीचं उत्तर कुणाचं उतरवणार?

इथेच एक मोठी गोष्ट शिकवता येते. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळतं. मानकानुसार ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. मुलांचा समज असतो की ज्या पाण्यात साबणाला फेस चांगला येतो, डाळ लवकर शिजते, ते पाणी चांगलं. पण कॅल्शियम आणि फ्लोराइड एकत्र आले की कॅल्शियम फ्लोराइड होतं आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणून पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड फार वाढू शकत नाही. कॅल्शियम कमी असलेल्या मऊ पाण्यात मात्र ते वाढायला मोकळीक मिळते. फ्लोराइडला ना चव, ना रंग. उकळूनही जात नाही. पाणी आटलं तर प्रमाण उलट थोडं वाढतं. विद्राव्यता गुणाकार हा ज्या घटकाला मुलं सगळ्यात जास्त कंटाळतात, तोच इथे सांगतो की जिभेवर आणि फेसावर विसंबून चालणार नाही, तपासणी करावीच लागेल. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता होते ती वेगळी असते. कुणाच्या तरी लहान भावाच्या दातांवर डाग असतात. तेवढ्यावरून निदान करायचं नाही, डागांची कारणं इतरही असतात. पण पाणी तपासून घ्यायला हवं, एवढं वर्गाला कळतं.

मोलचं गणितही असंच जवळून शिकवता येतं. गडचांदूर, आवारपूर या भागातली मुलं सिमेंटच्या कारखान्यांजवळ वाढलीत. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडक तापवला की ५६ ग्रॅम कळीचा चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक टन चुनखडकामागे ४४० किलो वायू, भट्टीतला कोळसा न धरता. फक्त रेणुभारावरून एवढं सांगता येतं हे कळलं की मुलं आपणहून पुढचं गणित मागतात.

आणि आपलं ऊन! डायएथिल ईथरचा उत्कलनांक ३४.६ अंश. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ च्या वर पारा असताना ईथरची बाटली उघडणं म्हणजे ते उकळायला ठेवण्यासारखंच. ईथरची वाफ पेटायला निमित्त पुरतं, म्हणून आम्ही ते प्रयोग थंडीतच उरकतो. आपल्याकडच्या बऱ्याच काचसामानाचं मापन २७ अंशांना केलेलं असतं. त्या तापमानाला सकाळी बनवलेलं द्रावण दुपारी ४२ अंशांत वापरलं तर पाणी साधारण अर्धा टक्का प्रसरण पावलेलं असतं. २० मिलिलिटरच्या वाचनात ०.१ मिलिलिटरचा फरक. ‘सर, माझं वाचन का जुळत नाही’ याचं उत्तर कधीकधी पंख्यात आणि खिडकीत असतं.

मग कुठलं काय?

थोडक्यात वाटणी सांगतो. जे पुन्हापुन्हा ऐकायचं, वाचायचं, सरावायचं ते दूर: शब्दपत्रक, लहान ध्वनिफिती, आकडेमोड, उपकरणांची ओळख. जिथे चुकणं दिसायला हवं, वाद व्हायला हवा, हाताला सवय लागायला हवी ते समोर: अंदाज आणि प्रयोग, बुडबुड्यांसारखे प्रश्न, टायट्रेशन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘स्वयम्’वरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात. सोय चांगली आहे. पण ४० टक्के घेता येतात म्हणून कोणते ४० टक्के घ्यायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागेल. त्यात प्रयोगशाळा ढकलू नका एवढीच विनंती.

आणि गुणांबद्दल. दूरस्थ चाचणीत ‘व्याख्या लिहा’ विचारलं तर व्याख्याच येणार, पुस्तकातून उतरवलेली. त्याऐवजी आम्ही दोन मिनिटांचा फोन करतो आणि विचारतो, “तुझ्या विहिरीच्या पाण्याचा आकडा सांग आणि त्याचा अर्थ तुझ्या आईला समजेल असा सांग.” दोन मिनिटांत सगळं कळतं.

ती एटापल्लीकडची मुलगी? त्या दिवशी आम्ही तिच्याजवळ उभं राहून ब्युरेट भरून घेतली. पहिली दोन वाचनं वाया गेली, तिसरं आणि चौथं जुळलं. प्रयोगवहीत तिने वाचनांखाली एक ओळ लिहिली होती: ‘तोटी बोटांना समजते.’ आम्ही ती खोडली नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*एक शिक्षिका: असं शिकवलं तर अभ्यासक्रम पूर्ण होतो का?*

पहिल्या वर्षी आमचा झाला नाही, खरं सांगतो. मग लक्षात आलं की वर्गात जे वाचून दाखवत होतो ते घरी वाचायला देता येतं. आता होतो. पण सगळे घटक एकाच वर्षी बदलू नका. सत्राला एक घटक बदला.

*एक पालक: मुलाला सारखा फोन द्यावा लागतो, तो त्यावर दुसरंच बघतो. काय करावं?*

म्हणूनच आम्ही छापील पान देतो. पान वाचायला नेट लागत नाही. आणि एक करा: त्याला विचारा, आज घरातलं काय वापरून प्रयोग केला? हळद, वाटाणे, पाणी काहीच लागलं नसेल तर समजा, तो दुसरंच बघत होता.

*एक विद्यार्थी: सर, परीक्षेत अणू लिहायचं की परमाणू?*

मराठीत लिहिशील तर अणू आणि रेणू. इंग्रजीत लिहिशील तर इंग्रजी शब्द. पण उत्तराच्या बाजूला छोटं चित्र काढ: पाण्याचा एक रेणू, त्यात तीन गोळे. चित्राला भाषा लागत नाही. तपासणाऱ्याला तुझ्या डोक्यात काय आहे ते कळेल, आणि तुलाही.